शिसाऱ्या सावळाराम आणि पांढराईचं तीर्थ

किकवीला एका लग्नात सावळाराम पंगतीला बसला होता. वाढपी आला, आमटीचा द्रोण पुढं सरकवला. आमटी झणझणीत, वर लाल तर्री. पण द्रोण धरताना वाढप्याचा अंगठा पेरभर आत बुडाला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अंगठ्यानं काय चव बिघडते होय? सावळारामानं द्रोणाकडं पाहिलं, अंगठ्याकडं पाहिलं, अंगठ्याच्या नखाकडं पाहिलं, आणि उठून थेट मांडवाच्या मागं गेला. तिथून जो आवाज आला तो ऐकून बँडवाल्याची पिपाणी तोंडातल्या तोंडात थांबली. नवरदेवाच्या मामाला वाटलं, झाली विषबाधा. सगळी पंगत हात आखडून बसली. शेवटी फुलाबाईला, म्हणजे सावळारामाच्या बायकोला, उभं राहून सांगावं लागलं, "जेवा वो तुमी निवांत. आमचं माणूस असंच हाय. त्याला शिसारी येती."

शिसारी कशाची येत नव्हती ते विचारा. दुधावरच्या सायीची येई, दुसऱ्याच्या घोंगडीची येई, गोठ्यात म्हशीच्या कासेला चिकटलेल्या गोचिडाची येई. पूर्वी एसटीत कंडक्टर बोटाला थुंकी लावून तिकीट फाडायचे. सावळाराम ते तिकीट टोकाला धरून, मेलेला विंचू धरावा तसं, भोरपर्यंत बसायचा. फुलाबाईला त्यानं पसंत केली तीसुद्धा रूप बघून नव्हे. पाहायला गेल्यावर पाण्याच्या तांब्यावर तिनं फुलपात्र उपडं घातलं होतं, तेवढं बघून तो उठला आणि बापाला म्हणाला, "हीच."

मधे काही दिवस हायवेला एका जारच्या पाण्याच्या धंद्यावर त्यानं नोकरीही धरली होती. स्वच्छ पाणी म्हणजे आपलंच काम, असं त्याला वाटलं. एक दिवस जार उलटा करून त्यानं आत डोकावलं. आतून हिरवं बुळबुळीत शेवाळ, आणि शेवाळात पाय पसरून झोपल्यासारखी एक मेलेली पाल. मालक म्हणाला, "अरे, एवढीशी पाल किती पाणी पिणार?" सावळाराम त्याच पावली वाडीवर परत आला आणि पुन्हा म्हणून खाली नोकरीला गेला नाही.

वाडी म्हणजे टेपवाडी. भोर आणि वेल्ह्याच्या मधे जो डोंगर आहे त्याच्या कुशीला चिकटलेली मूठभर घरं. खाली भाताची खाचरं, वर नाचणीचं रान, आणि त्याच्याही वर जांभ्या दगडाचा उघडा, सपाट सडा. आणि असल्या वाडीत, असल्या माणसाच्या नशिबी काय लिहून ठेवलेलं असावं? पांढराईचं तीर्थ!

सड्याच्या कड्याखाली एक कपार आहे. वाकून आत शिरलं की अंधारात टाकं लागतं. पाणी कुठून येतं ते दिसत नाही. जांभ्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं असतात, त्या भोकांतून ते पाझरतं आणि दुसऱ्या भोकांतून निघून जातं. त्या पाण्यात वाडीची देवी राहते, पांढराई. आणि पांढराई म्हणजे मूर्ती नव्हे, शेंदूर फासलेला तांदळा नव्हे. पांढराई म्हणजे मासे.

मासा करंगळीएवढा. रंग सोललेल्या उंदरासारखा, पांढुरका गुलाबी. गालाखालचं रक्त बाहेरून लाल चमकतं आणि पोटात काय गेलंय ते कातडीतून दिसतं. तोंडाला गांडुळासारख्या मिशा, सारख्या वळवळणाऱ्या. आणि डोळे नाहीत. मिटलेले नाहीत, फुटलेले नाहीत, डोळ्यांना जागाच नाही. जिथं डोळा असावा तिथं गुळगुळीत कातडं, जणू कुणी थुंकी लावून भोक बुजवलंय.

चैत्री पुनवेच्या आदल्या दिवशी वाडी देवीला जेवू घालते. घरटी दूध, दहीभात, पुरणाचा उंडा, नारळाचं पाणी, हळद, सगळं टाक्यात सोडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कपारीचं दार उघडायचं. देवी वर आली असेल, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत असेल, तर "देवी हसली" असं म्हणायचं आणि घंटा बडवायची. मग मानाच्या घरातल्या पुरुषानं त्या पाण्याची ओंजळ भरून सगळ्यांदेखत प्यायची. बाकीच्यांना पळीपळी तीर्थ. आता पळीभर तीर्थाचं लोक काय करतात हे काय सांगायचं? तळहातावर घ्यायचं, ओठाला लावल्यासारखं करायचं आणि डोक्यावरून हात फिरवायचा. खरं पिणारा वाडीत एकटा मानकरी. तो थुंकला किंवा वाडीच्या शिवेच्या आत ओकला, तर मान त्या घरातून गेला, कायमचा. मानाच्या रांगेत पुढचं घर कोंडिबाचं.

हा मान सावळारामाच्या घरचा. लहानपणी एकदा बापानं त्याला खांद्यावर बसवून कपारीत नेलं होतं. पोरानं खाली वाकून बघितलं. पिवळ्या दुधाळ पाण्यावर बिनडोळ्यांची तोंडं, शेकड्यानं, मचमच करत होती. पोरानं बापाच्या डोक्यावरच सकाळची भाकरी परत केली. तेव्हापासून तो त्या कपारीकडं फिरकला नाही. बापामागं थोरला भाऊ गोरख दरवर्षी ओंजळ प्यायचा आणि सावळाराम त्या दिवशी हटकून भोरला बाजाराला जायचा. पण यंदा गोरखाचे गुडघे गेले. घरातून परसात जायला दोन माणसं लागायची, तो कड्याखाली कुठला चढतो? गोरखाला मूलबाळ नाही. सावळारामाच्या दोन लेकी नांदायला गेलेल्या. घरात पुरुषमाणूस उरला तो एकच, आणि तो हा असा.

"अवो, तुमच्या आज्यानं पिलं, बापानं पिलं, भावजींनी पिलं," फुलाबाई म्हणाली. "तुमचंच नरडं काय सोन्याचं हाय?"

"सोन्याचं न्हाई गं. पण ते आपोआप उलटं फिरतं त्याला म्या काय करू?"

"फिरू नका देऊ! कोंडिबा भावजी टपून बसल्यात. मान त्यांच्या घरात गेला, तर त्यांची बायको मला पाणवठ्यावर रोज एक सुई टोचंल. म्या या घरात आले तवापास्नं दरसाल मानाची ओटी भरतीय. ती मला दुसऱ्याच्या दारात बघायला लावता व्हय?"

सावळारामानं मान खाली घातली. बायको बोलली यात खोटं काही नव्हतं. ती आयुष्यभर त्याचं ताट धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन वाढत आली होती. तिनं मागितलेलं हे एवढंच.

मग फुलाबाईनं सराव मांडला. आधी आंबलेलं ताक. मग तांदूळ धुतलेलं पाणी. मग शिळ्या पिठाच्या भांड्यात खळबळून काढलेलं पांढरं पाणी.

"नाक धरा, डोळं मिटा, आणि देवीचं नाव घ्या."

"अगं, नाक धरून डोळं मिटून गिळायचं, मग नाव घ्यायला तोंड कुठनं आणू?"

ताक राहिलं. तांदळाचं पाणी अर्धं राहिलं. पिठाचं पाणी उंबऱ्यावर राहिलं आणि कोंबड्यांनी टिपलं. देवळापुढच्या कट्ट्यावर कोंडिबा तंबाखू मळत बसलेला असायचा. सावळाराम दिसला की तो हाक मारायचा, "सावळ्या, यंदाचं तीर्थ मिक्सरला फिरवून देऊ का रं? वर जरा जिरं टाकू!"

अशात फाल्गुनात शेफाली आली. ही भोरची पोर, पुण्याला माशांचा अभ्यास करत होती. टेपवाडीच्या कपारीत आंधळे मासे आहेत असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. कपारीच्या जाळीच्या दाराची किल्ली मानाच्या घरात असते, त्यामुळं दार उघडायला सावळारामालाच जावं लागलं. त्यानं कुलूप काढलं आणि उपरणं नाकाला बांधून बाहेरच उभा राहिला.

"आजोबा, आत या की," शेफालीनं हाक दिली. "बॅटरी धरायला कुणीतरी पाहिजे."

"तू धर. म्या हितनं बघतो."

"माझ्या एका हातात जाळी, एका हातात बरणी. तोंडात धरू का बॅटरी?"

बॅटरी तोंडात धरायची म्हटल्यावर सावळारामाच्या अंगावर काटा आला. कुणाकुणाचे हात लागलेली ती बॅटरी! त्यानं मोठा श्वास घेऊन छातीत कोंडला आणि वाकून आत शिरला. पण श्वास किती वेळ धरणार? डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले तसा त्यानं तो सोडला आणि नवा घेतला. आणि उभ्या जागी चक्रावला.

वास नव्हता. त्यानं उपरणं खाली केलं आणि नाक पुढं काढलं. त्याच्या नाकाची पारख वाडीला ठाऊक होती, शेजारच्या घरात दूध नासलं की यानं इथून सांगावं. त्या नाकाला ओल्या दगडाचा वास आला, थोडासा वटवाघळांचा आला, बाकी काही नाही. पाणी असं नितळ, की बॅटरीच्या उजेडात तळाचा खडा न् खडा मोजावा. आणि मासा एकही नाही.

"देवी कुठं गेली गं?"

"घरी असेल. हे टाकं म्हणजे तिची ओसरी. तिचं घर आत, दगडाच्या भोकांत, डोंगराच्या पोटात जिथवर पाणी मुरलंय तिथवर. उजेडात ती कशाला येते?"

शेफाली खडकावर पालथी पडली, पाण्यात बरणी आडवी धरली आणि गप्प राहिली. बऱ्याच वेळानं एका भोकातून दोन मिशा बाहेर आल्या, चाचपत चाचपत पुढं झाल्या, आणि मागोमाग सगळा मासा बरणीत शिरला. तिनं बरणी उचलून सावळारामाच्या नाकासमोर आणली.

"लांब धर गं बये! लांब!"

"चावत नाही, आजोबा."

"चावली असती तर बरं झालं असतं. ही नुसती दिसतीय!"

पण काचेत अडकलेल्या नजरेला वाट नव्हती. मासा काचेला मिशा लावत फिरत होता आणि त्याच्या पोटातला काळा ठिपका त्याच्याबरोबर फिरत होता.

"हिचं डोळं कुणी खाल्लं?"

"अंधारात डोळ्यांचं काम काय? पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिली, डोळे गेले. अंगाला रंग कुणासाठी हवा, तोही गेला. दुसरीकडच्या काही आंधळ्या माशांत पिल्लाला आधी डोळ्याचा ठिपका येतो आणि मग तो कातडीखाली जिरून जातो. हिचं कसं असतं ते कुणी बघितलेलंच नाही. ही मिशांनी चव घेते आणि पाणी हललं तर अंगाला कळतं."

"आणि खाती काय?"

"आत बारकी झिंगं असतात, तीपण आंधळीच. ती वटवाघळांच्या लेंड्यांवर जगतात."

सावळारामानं हिशेब जुळवला. "म्हंजी लेंडी खाणारं झिंगं, झिंगं खाणारी देवी, आणि देवीचं पाणी पिणार म्या! थू!" थुंकायला तो कपारीच्या बाहेर जाऊन आला, कारण आत थुंकायची त्याला किळस.

परत येऊन बघतो तर बरणीतला मासा वर आला होता. पाण्याच्या पापुद्र्याला तोंड लावून उघडमीट, उघडमीट करत होता.

"हसली!" सावळाराम ओरडला. "पोरी, देवी हसली! पुनव नसताना हसली!"

शेफालीनं झटकन बरणी टाक्यात कलती केली. मासा सुळकन भोकात गेला.

"हसली नाही, आजोबा. बरणीतलं पाणी थोडं, त्यात विरघळलेली हवा तिनं वापरून संपवली. माझीच चूक, जास्त वेळ ठेवली. दम कोंडला की मासे असं वर येऊन तोंड मारतात. अजून थोडा वेळ ठेवली असती तर मेली असती."

सावळारामानं हळूहळू पुनवेचं सगळं सांगितलं. दूध, दहीभात, पुरण. सांगता सांगता आणखी एक गोष्ट त्याच्या तोंडून निघाली. पुनवेनंतर टाक्यावर मेलेले मासे तरंगतात. देवीनं लेकरं ओटीत घातली असं म्हणून बायका त्यांना हळदकुंकू लावून चाफ्याखाली पुरतात.

"दूध पाण्यात नासतं ना, तेव्हा ते पाण्यातली हवा ओढून घेतं," शेफाली म्हणाली. "रात्रभर नासतं, सकाळी त्या वर येतात. पूर्वी किती यायच्या?"

"म्या लहानपणी बघितलं तवा शेकड्यानं हुत्या. थोरला म्हणतो, आता चार-दोन."

"या माशांची अंडी थोडी. वाढ सावकाश. मेलेल्यांची जागा लवकर भरत नाही."

"आमाला वाटलं, देवी रुसली," सावळाराम म्हणाला. "म्हणून दरसाल दूध वाढवलं. आधी घरच्या गाईचं पळीभर असायचं. आता पुण्या-मुंबईची पोरं गाडीतनं पिशव्यांची क्रेटं आणत्यात."

एवढं बोलताबोलता त्याला शिसारी आली. नेहमीचीच, पण या खेपेला समोर मासा नव्हता. समोर होतं ते स्वच्छ पाणी, आणि त्यात पुनवेला काय काय पडणार ते त्याला दिसत होतं. आपण जन्मभर ज्याला देवीचा वास समजत होतो, तो वास आपल्याच घराघरातून चरव्या भरभरून वर आलेला!

निघताना शेफाली म्हणाली, "मान तुमच्याकडं आहे ना? मग तुम्हीच सांगा वाडीला."

"म्या?" सावळाराम कसनुसा हसला. "पोरी, हे सांगायला वाडीत सगळ्यात वाईट माणूस कोण, तर म्या."

आणि झालंही तसंच. देवळात बैठक बसली, सावळारामानं जमेल तसं सांगितलं. मग कोंडिबानं मांडीवर थाप मारली.

"घ्या! शिसाऱ्याला पळवाट सापडली! दूध न्हाई, म्हंजी देवी वर न्हाई. देवी वर न्हाई, म्हंजी तीर्थ न्हाई. तीर्थ न्हाई, म्हंजी नरडं मोकळं! सावळ्या, न पिण्यापायी तू देवीला उपाशी ठेवतोस व्हय रं?"

देऊळ हसलं. घंटासुद्धा हलल्यासारखी वाटली. सावळाराम घरी आला तर फुलाबाई चुलीपुढं पाठ करून बसलेली.

"तुलाबी तसंच वाटतं का गं?" त्यानं विचारलं.

"इतकी वर्सं तुमच्याबरोबर काढली. मला दुसरं काय वाटंल?"

ते वाक्य त्याला लागलं. रात्रीचं जेवण त्यानं अर्धं टाकलं, आणि पहिल्यांदाच ताटात काही घाण नसताना टाकलं.

पुनवेचा आदला दिवस उजाडला. दुपारपासून कड्याची वाट माणसांनी फुलली. चरव्या आल्या, पिशव्या आल्या. पिशवी दातानं फाडायची, दूध ओतायचं आणि तोंडातला प्लॅस्टिकचा तुकडा तिथंच टाकायचा. एकानं तर पेढ्यांचा अख्खा पुडा सोडला. सावळाराम दाराशी उभा राहून सगळं बघत होता आणि तोंडात लवंग धरून होता. एकदाच म्हणाला, "लई झालं रं." कुणी ऐकलं नाही. चैत्राचं ऊन, कपारीत कोंदलेली गरमी, आणि खाली दुधाचा रांजण झालेलं टाकं.

सकाळी दार उघडलं आणि वास असा बाहेर आला, जसा दारामागं दबा धरून बसला होता. नासलेल्या खरवसात उंदीर मरावा, वर कुणी खोबरेल ओतावं, आणि ते उन्हात ठेवावं, तसा. पाण्यावर पिवळी साय धरली होती, म्हातारीच्या कातडीसारखी सुरकुतलेली. साय! सायीत फुगून टम्म झालेली भाताची शितं, विझलेल्या वाती, उकललेलं पुरण. खालून बुडबुडा यायचा, साय फुगायची आणि पचकन फुटायची. आणि त्या सायीला भोकं पाडून तीन बिनडोळ्यांची तोंडं वर आली होती. उघडमीट, उघडमीट.

"हसली! देवी हसली!" घंटा सुरू झाली. सगळी वाडी नाकाला पदर, रुमाल लावून, पण हात जोडून उभी.

फुलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो कुडाच्या भिंतीच्या रंगाचा झाला होता. तिच्या मनात आलं, गेला मान. कोंडिबा सगळ्यांच्या पुढं येऊन उभा राहिलेला, नजर सावळारामाच्या गळ्यावर.

सावळारामानं ओंजळ केली नाही. त्यानं पूजेचा तांब्या उचलला, अर्धा शेर पाणी मावणारा. साय बाजूला सारली नाही, सायीसकट भरला. आणि तोंडाला लावला.

घंटा थांबली. पहिला घोट गेला तो सगळ्यांनी बघितला, गळ्याची घाटी खाली गेली आणि परत वर आली. दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्याला काहीतरी मऊ त्याच्या जिभेवर आलं, शीत होतं की वात होती देव जाणे, तेही गेलं. कपाळाच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या. त्यानं तांब्या रिकामा केला, उलटा करून दाखवला. मग पुन्हा भरला आणि कोंडिबापुढं धरला.

"पी," तो दातांमधून म्हणाला. तोंड उघडायची त्याला सोय नव्हती.

"मान तुझा हाय," कोंडिबा एक पाऊल मागं सरकला.

"तीर्थ सगळ्यांचं हाय. पळीभर नगं. डोक्याला पुसायचं न्हाई. पी."

सगळी वाडी बघतेय म्हटल्यावर कोंडिबा काय करतो? त्यानं तांब्या घेतला. तोंडाजवळ नेला. मिशीला साय लागली. तेवढीच. कोंडिबाचे डोळे बाहेर आले, तांब्या हातातून सुटला, आणि तो गडी माणसं ढकलत दाराबाहेर पळाला. त्याचा आवाज कड्यावर आपटून दोनदा आला. तो ऐकून गोरखाची बायको रत्ना भिंतीला धरून ओकली. तिला धरायला गेलेला सोमनाथ, हा वाडीचा पोलीस पाटील, तोही ओकला. मग कुणी कुणाला धरायला राहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा अख्ख्या टेपवाडीला शिसारी आली.

सावळाराम मधोमध ताठ उभा होता. "तुमाला नुसत्या वासानं हे झालं," तो म्हणाला, एकेक शब्द मोजून, मधे गिळत. "ती त्यात नाकातोंडानं बुडलीया. रातभर. हसत न्हाई ती. दम कोंडलाय तिचा. म्या प्यायलो. आता पळवाट म्हणू नगा."

म्हणायला तोंड मोकळं कुणाचं होतं?

फुलाबाई पुढं आली आणि तिनं त्याचा दंड धरला. "चला," ती हळूच म्हणाली, "शीव वलांडू." दोघं कड्याच्या वाटेनं चालत निघाले, तो ताठ, ती त्याच्या बाजूनं पदराचा आडोसा धरून. शिवेचा शेंदऱ्या धोंडा मागं पडला, तशी तिनं पदर काढला आणि म्हणाली, "आता."

त्या करवंदीच्या जाळीला त्या साली करवंदं लागली नाहीत असं वाडी सांगते. खरंखोटं पांढराईला ठाऊक. पण ओकला तो शिवेबाहेर, म्हणजे मान गेला नाही. फुलाबाईनं त्याला चूळ भरायला पाणी दिलं. तांब्यावर फुलपात्र उपडं घातलेलं होतं, तो तिनं सकाळीच कमरेला पिशवीत बांधून आणला होता.

"तुमचं खरं हुतं," ती म्हणाली. "म्या ऐकायला पायजे हुतं."

"तू पदर धरलास ते बास झालं," तो म्हणाला आणि पुन्हा जाळीकडं वळला.

दुपारी टाक्यातली घाण काढायला माणसं उतरली. चौपदरी फडक्यानं साय निपटली, शितं काढली. शेफालीनं मोबाईलवर सांगितलं होतं, पाणी उपसू नका, घाण तेवढी काढा, पाझराचं ताजं पाणी आपोआप येईल, वर आलेले मासे पाझराच्या तोंडाशी नेऊन सोडा. मासे उचलायची वेळ आली तेव्हा सगळे सावळारामाकडं बघायला लागले. मान त्याचा! त्यानं ओंजळ पाण्यात घातली. एक मासा आपणहून हातावर आला. बुळबुळीत, गार, मिशा बोटांच्या बेचक्यात चाचपत होता. सावळारामाचे केस मानेपासून कमरेपर्यंत उभे राहिले. "आई गं, आई गं," म्हणत त्यानं तो पाझराशी नेऊन सोडला, आणि तसेच "आई गं" म्हणत उरलेले दोन. मग आठवडाभर राखेनं हात घासत होता.

पुढच्या सालच्या पुनवेला दुधाची खीर झाली, कड्याखाली, मोठ्या पातेल्यात, आणि ती माणसांनी खाल्ली. टाक्यात काही पडलं नाही. सकाळी दार उघडलं तर वास नाही, साय नाही, देवीही नाही. नुसतं नितळ पाणी. माणसं बराच वेळ वाकून बघत राहिली. एका भोकाशी काहीतरी पांढरं हललं असं रत्नाला वाटलं, बाकी कुणाला दिसलं नाही.

"देवी हसली न्हाई, सावळ्या," कोंडिबा म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, थोडी भीतीच होती.

"न्हाई हसली त्येच बरं. हसून हसून सरतच आली हुती."

सावळाराम ओंजळ प्यायला. बाकीच्यांनीही तीर्थ डोक्याला पुसलं नाही, प्यायलं, आणि परत मागितलं. कोंडिबानं तर पूजेचा तांब्याच उचलला, तोंड लावून गटागटा अर्धा संपवला, मिशा पुसल्या आणि मोठ्या मायेनं सावळारामापुढं धरला.

"घे, सावळ्या. अजून एक घोट. तुझ्या नावाचा."

सावळारामानं तांब्या बघितला. तांब्याची कड बघितली. कडेला कोंडिबाच्या तंबाखूची एक ओली काडी चिकटली होती.

"आधी घासून आण," तो म्हणाला, आणि उपरणं नाकाला लावलं.